‘देत आहे’ आणि ‘देण्याचे कबूल करतो’: एजंटांच्या परीक्षेतले करार

देवगडहून तुम्ही विचारलंय की, महारेराच्या (महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) एजंट परीक्षेत पहिल्या खेपेला करारांच्या भागातच गुण गेले. इसारपावती, साठेखत, करारनामा, खरेदीखत सगळं एकाच माळेतलं वाटतं आणि कलमांचे आकडे डोक्यात राहत नाहीत. शेवटी जाता जाता घरच्या हापूसच्या बागेच्या हंगामी कराराबद्दलही एक प्रश्न टाकलाय. तो मला सगळ्यांत आवडला, पण त्याच्याकडे शेवटी येतो.

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात बावीस वर्षं जागांचे व्यवहार करतोय. २०२३ मध्ये एजंटांना २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा मलाही मुलाच्या वयाच्या पोरांसोबत संगणकासमोर बसावं लागलं. परीक्षा आयबीपीएस घेते, प्रश्न पर्यायांचे असतात. पास झालो, पण दोन प्रश्न मी अनुभवाच्या घमेंडीत चुकवले, हे आधीच सांगून टाकतो. आपण रोज जे करतो ते कायद्याला धरूनच असतं, असं नाही.

आकडे जरा बाजूला ठेवा. घरात एखादं जुनं खरेदीखत असेल, आजोबांच्या ट्रंकेत असतंच, ते काढा. सुरुवातीला ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांची नावं असतील. मग मौजे, तालुका, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा. मग ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’ असं काहीतरी, जे वाचताना आपण देवळात उभे आहोत असं वाटतं. या सगळ्यातून वाट काढत वाक्याच्या शेवटी असलेल्या क्रियापदापर्यंत या. तिथे असेल, ‘सदर मिळकत तुम्हांस कायम खरेदी देत आहे.’ आता त्याच व्यवहाराचं साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, मिळालं तर तेही वाचा. सर्व्हे नंबर तोच, चतुःसीमा तीच, रक्कमही तीच. शेवट मात्र ‘खरेदी देण्याचे कबूल करीत आहे’ असा.

‘देत आहे’ म्हणजे मालकी गेली. ‘देण्याचे कबूल करतो’ म्हणजे पुढे देईन असा शब्द दिला, मालकी जागच्या जागी. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधलं कलम ५४ हेच सांगतं: विक्रीच्या करारानं त्या मिळकतीत कसलाही हितसंबंध आपोआप निर्माण होत नाही. परीक्षेतला या भागावरचा बहुतेक प्रश्न या एका वाक्याला वेगवेगळे कपडे चढवून येतो.

एक नमुना बघा. ‘अ’नं ‘ब’ला घर विकण्याचा करार केला. करार नोंदवला, मुद्रांक शुल्क पूर्ण भरलं, ताबाही दिला. खरेदीखत व्हायचंय. मालक कोण? दहातले सात जण ‘ब’ म्हणतात, कारण पैसे त्याचे गेले, चावी त्याच्याकडे, मुद्रांकही त्यानं भरलं. उत्तर ‘अ’. गोंधळ होतो तो मुद्रांकामुळे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ च्या अनुसूची एकमधला अनुच्छेद २५ म्हणतो की, ज्या विक्री करारात ताबा दिलाय किंवा द्यायचं ठरलंय, तो करार शुल्कापुरता अभिहस्तांतरण, म्हणजे खरेदीखतासारखा मालकी देणारा दस्त, समजायचा. ‘शुल्कापुरता’ या शब्दाखाली रेघ मारा. सरकारनं शुल्क आधी घेतलं म्हणून मालकी आधी येत नाही. पुढे खरेदीखत होतं तेव्हा आधी भरलेलं शुल्क त्यात धरलं जातं. मग ‘ब’कडे काय आहे? ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून घेण्याचा हक्क आहे. ‘अ’ फिरला तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ खाली करार पाळायला लावण्याचा दावा लावता येतो. मुदत तीन वर्षं. खरेदीखताची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. ही तीन वर्षं आणि पुढे येणारे नोंदणीचे चार महिने यांची अदलाबदल करून पर्याय देतात, तेव्हा दोन्ही शेजारी लिहून ठेवा.

आता इसारपावती. मालवण तालुक्यातल्या एका आजींची जागा मी एका गिऱ्हाइकाला दाखवली होती. पन्नास हजार इसार दिला, वहीच्या कागदावर लिहून आजींची सही घेतली. दोन महिन्यांनी साठेखताला गेलो तर आजी ओटीवर बसून सुपारी कातरत म्हणाल्या, ‘‘मी सही केलंय ती पैशे घेतल्याची, जमीन दिल्याची नाय.’’ गिऱ्हाईक भडकलं. मी त्या दिवशी आजींची समजूत काढायला गेलो आणि घरी येताना वाटलं, कायदा ह्या बाईला आपल्यापेक्षा बरा कळतो. त्या कागदावर खरंच फक्त ‘रोख रुपये पन्नास हजार मिळाले’ एवढंच होतं. एकूण किंमत किती, कुठला हिस्सा नंबर, खरेदीखत कधी, यातलं काहीच नव्हतं. कायद्यानं भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ मध्ये सांगून ठेवलंय की, ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार रद्दबातल. ‘माझ्या हिश्शाची जागा’ म्हणजे कुठली? आजींचे तीन सर्व्हे नंबर होते.

याचा अर्थ इसारपावतीला कधीच किंमत नाही, असा काढू नका. किंमत, मिळकतीचं वर्णन, मुदत आणि दोघांच्या सह्या असतील तर पावती असं नाव असलेला कागदही विक्रीचा करार ठरू शकतो. कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय यापेक्षा पोटात काय आहे ते बघतात. परीक्षेतही ‘कराराचे शीर्षक’ असा पर्याय आला की, जरा संशयानं बघा.

करार कायद्यातलं बाकीचं पटकन. कलम १० मध्ये वैध कराराच्या अटी आहेत: सक्षम व्यक्ती, मुक्त संमती, कायदेशीर मोबदला, कायदेशीर उद्देश. अज्ञानाचा, म्हणजे अल्पवयीनाचा, करार पहिल्यापासूनच रद्दबातल, १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यापासून. फसवून किंवा धाकदपटशानं संमती घेतली तर करार रद्द करता येण्याजोगा, म्हणजे ज्याची फसवणूक झाली त्याच्या मर्जीवर. ‘रद्द’ आणि ‘रद्द करता येण्याजोगा’ यांत गुण जातात, पण एकदा कळलं की कायमचं कळतं. ‘बिनशेती परवानगी मिळाल्यास खरेदीखत करू’ असा करार आपल्याकडे रोज होतो, तो कलम ३२ खालचा सापेक्ष करार. परवानगी अशक्य झाली तर करार संपला.

नोंदणीकडे येऊ. इथे मी स्वतः घसरलो. प्रश्न असा होता की, साध्या साठेखताची नोंदणी सक्तीची आहे का? मी डोळे झाकून ‘हो’ म्हटलं, कारण बावीस वर्षं मी कुणालाही न नोंदवता साठेखत करू दिलेलं नाही. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ मध्ये मात्र सक्ती आहे ती मालकी किंवा हितसंबंध निर्माण करणाऱ्या दस्तांना: खरेदीखत, बक्षीसपत्र, एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा वगैरे. पुढे दुसरा दस्त करून मागण्याचा हक्क देणारा कागद त्यातून वगळलाय. मग ताबा दिलेल्या साठेखताचं काय? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३अ म्हणतं की, लेखी करारावर ताबा घेतलेल्या आणि आपली बाजू पाळायला तयार असलेल्या माणसाला मूळ मालक उठवू शकत नाही. पण २४ सप्टेंबर २००१ पासून हे संरक्षण हवं असेल तर करार नोंदवलेला हवा. आणि समोर बिल्डर असेल तर रेरामुळे, म्हणजे स्थावर संपदा कायद्यामुळे, करारनाम्याची नोंदणी सक्तीचीच. म्हणजे एकाच कागदाची तीन उत्तरं होतात आणि प्रश्नात विक्रेता कोण आणि ताबा दिलाय का, हे वाचल्याशिवाय पर्यायाला हात लावायचा नाही.

दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला गेला पाहिजे. उशीर झाला तर आणखी चार महिन्यांपर्यंत, नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून. सक्तीचा दस्त नोंदवलाच नाही तर कलम ४९ प्रमाणे त्यानं मालकी जात नाही आणि पुरावा म्हणूनही तो चालत नाही. एक अपवाद असा की, करार पाळून घेण्याच्या दाव्यात करार झाला होता, हे दाखवायला तो वापरता येतो.

कुलमुखत्यारपत्राचं एक सांगून टाकतो, कारण मुंबईकर मालकांमुळे आपल्याकडे हा कागद पोत्यानं सापडतो. पत्र घेतलं, पैसे दिले, ताबा घेतला, झाली खरेदी, असं मानणारे लोक अजून भेटतात. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या सूरज लॅम्प खटल्यात साफ सांगितलं की, अशानं मालकी हस्तांतरित होत नाही. मुखत्यार हा फक्त हात आहे, सही करणारा. मालकी जायला खरेदीखतच लागतं, मग ते मुखत्याराच्या सहीनं का असेना.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे सहहिस्सेदारांचा भाग कोरडा राहणार नाही. २००६ मधली गोष्ट. गुहागर तालुक्यात अठरा गुंठे जागा, सामाईक सातबारा, सात नावं. सहा भावंडं गणपतीला गावी आली होती, म्हटलं हीच वेळ. सातवी बहीण डोंबिवलीला. थोरला भाऊ म्हणाला, ‘‘तिची काही हरकत नाही हो, तिला पैसे पोचते करू.’’ आणि मी ऐकलं. सहा सह्यांवर साठेखत झालं, साक्षीदार म्हणून माझीही सही. शिमग्याच्या आत तिच्या वकिलाची नोटीस आली. हरकत तिची पैशालाही नव्हती, तिला विहिरीकडचा तुकडा विकायचाच नव्हता. गिऱ्हाइकाचे दीड लाख दोन वर्षं अडकले. माझं कमिशन मी परत केलं, न करून सांगतो कुणाला.

कायदा काय म्हणतो? सहहिस्सेदार स्वतःचा अविभक्त हिस्सा विकू शकतो, दुसऱ्याचा नाही. सहा जणांचा करार सहा जणांपुरता. शिवाय जागेची सरसनिरस वाटणी झालेली नसेल तर विहीर कुणाच्या हिश्शात, हेही ठरलेलं नाही. इथेच सातबाराचा नेहमीचा प्रश्न येतो: सातबारा हा मालकीचा पुरावा आहे का? महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे ती नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात. मालकी मात्र दस्तानं किंवा वारसानं येते, फेरफारानं नाही. तलाठ्याच्या वहीत नाव चढलं म्हणून जमीन आपली, या समजुतीवर कोकणात किती भाऊबंदकी पोसली गेलीय!

आता रेरा. हा भाग तुलनेनं सोपा, कारण आकडे थोडे आहेत. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरनं किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही (कलम १३). चाळीस लाखांची सदनिका, बुकिंगला चार लाख घेतले तर चालेल, सव्वाचार घेतले तर नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या जुन्या मोफा (सदनिकांच्या मालकीविषयीच्या) कायद्यात हीच मर्यादा २० टक्के होती, म्हणून २० हा पर्याय हटकून असतो. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात. ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी, कळवल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती. ठरल्या तारखेला ताबा नाही मिळाला तर ग्राहकापुढे दोन वाटा: व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत, किंवा राहायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. कलम १८. निवड ग्राहकाची.

चटई क्षेत्रावर जरा थांबा. त्यात आतल्या विभाजक भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची येत नाही. आपल्याकडे समुद्राकडच्या सदनिकेत बाल्कनीवरच भाव ठरतो, त्यामुळे एजंट बोलताना ती धरून सांगतो आणि करारनाम्यात आकडा लहान दिसला की, ग्राहक एजंटाच्या मानेवर. जाहिरातीत आणि करारात चटई क्षेत्रच सांगायचं.

एजंटासाठी: नोंदणीकृत प्रकल्पातली सदनिका वा भूखंड विकायला मदत करायची तर आपली नोंदणी आधी (कलम ९). महाराष्ट्रात व्यक्तीला फी १०,००० रुपये, नोंदणी ५ वर्षांची. नोंदणीशिवाय काम केलं किंवा कर्तव्यं मोडली तर दिवसाला १०,००० रुपये दंड, एकूण त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. प्रकल्प ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवर किंवा ८ सदनिकांपर्यंतचा असेल तर प्रकल्पाला नोंदणी लागत नाही.

यातून एक गंमत होते. आपला निम्मा धंदा, म्हणजे भातजमीन, वरकस, जुनं कौलारू घर, रेराच्या कक्षेत येतच नाही. तिथे आडवा येतो तो कूळकायदा, १९४८. कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकरी नसलेल्याला सहजासहजी विकता येत नाही आणि कलम ४३ प्रमाणे कुळानं घेतलेल्या जमिनीच्या विक्रीवर बंधनं आहेत. किनाऱ्यालगत सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची बंधनं, वेगळंच. परीक्षेत यावर फार वेळ घालवू नका, पण पुण्याहून आलेलं गिऱ्हाईक समुद्र बघून विरघळलं की, पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुमच्या नावावर कुठे शेतजमीन आहे का?

भाड्याचं एकाच ओळीत: भाडेपट्ट्यानं जागेत हितसंबंध जातो, लिव्ह अँड लायसन्सनं फक्त वापरायची परवानगी मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे दोन्ही लेखी हवेत, नोंदवलेले हवेत आणि ती जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांचा करार नोंदवायला लागत नाही, हा आपल्याकडचा सर्वांत लाडका गैरसमज. मी चुकवलेला दुसरा प्रश्न यातलाच.

अभ्यास कसा करायचा, विचाराल तर पाच खरे दस्त मिळवा, नाहीतर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधा, आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं चार गोष्टी लिहा: कोण देतंय, काय देतंय, आज देतंय की पुढे, आणि पाळलं नाही तर काय. पाच दस्तांत तुमचा निम्मा अभ्यासक्रम होईल. कलमांचे आकडे त्या समासात आपोआप चिकटतात.

आता तुमची बाग. तुम्ही विचारलंत की, वडील दरवर्षी मोहोर बघून व्यापाऱ्याला बाग देतात, स्टॅम्प पेपरवर लिहितात, ते नोंदवायला हवं का. आपल्या भाषेत झाडही कलम आणि कायद्यातलंही कलम, तेव्हा दोन्ही एकत्र बघू. नोंदणी कायद्याच्या कलम २ मध्ये जंगम मालमत्तेच्या व्याख्येत ‘झाडावरची फळं’ स्पष्ट लिहिली आहेत. म्हणजे या हंगामाचे आंबे विकणं ही मालाची विक्री, नोंदणीची सक्ती नाही. झाड मात्र स्थावर. तोडायच्या इमारती लाकडाची झाडं जंगमात जातात, पण वर्षानुवर्षं फळ देत उभं राहायचं हापूसचं कलम त्या हिशेबात बसत नाही.

धोका आहे तो व्यापारी ‘पाच वर्षांसाठी द्या, मी खत-फवारणीही बघतो, गड्यांना राहायला मांगर वापरतो’ म्हणतो तेव्हा. त्यात ‘जागा वहिवाटीस दिली’ असा शब्द आला की, तो एक वर्षावरचा भाडेपट्टा दिसू लागतो, त्याला नोंदणी लागते, आणि शेतजमीन कसायला दिल्याचा कागद कूळकायद्याच्या डोळ्यांनी कुणीतरी पुढे वाचू शकतं. म्हणून वडिलांना सांगा, दर हंगामाचा कागद वेगळा करा. त्यात झाडांची संख्या, फळं उतरवायची शेवटची तारीख आणि रकमेचे हप्ते लिहा, ‘जागेचा ताबा आमचेकडेच आहे’ हे वाक्य घाला, आणि ‘बाग दिली’ असं न लिहिता ‘चालू हंगामाची फळे विकली’ असं लिहा. मांगराची चावीही तुमच्याकडेच राहू द्या.